पत्रकाखालची शेवटची ओळ

आमच्या अण्णांचा छापखाना होता. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, दोन खणांचा. एक ट्रेडल मशीन, अक्षरांचे खिळे ठेवायच्या केसेस आणि ते खिळे जुळवणारे एक जुळारी, ज्यांना आम्ही मुलं नानाकाका म्हणायचो. वर्षभर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळेच्या प्रश्नपत्रिका असं काम चालायचं. निवडणूक आली की मात्र छापखान्यातला दिवा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जळायचा.

१९९० च्या विधानसभा निवडणुकीतली गोष्ट. मी सहावीत होते आणि अण्णांचा डबा घेऊन छापखान्यात गेले होते. एका उमेदवाराचा माणूस आला. हातात वहीचं फाडलेलं पान. त्यात समोरच्या उमेदवाराच्या घरातल्या बाईबद्दल चार ओळी होत्या आणि सूतगिरणीच्या पैशाबद्दल दोन. "दोन हजार प्रती काढा. सकाळच्या पहिल्या एसटीच्या आत हव्यात. खाली कुणाचं नाव नको. दुप्पट पैसे घ्या." अण्णांनी पान वाचलं, टेबलावर ठेवलं. म्हणाले, "प्रकाशक म्हणून तुमचं नाव-पत्ता लिहा. मुद्रक म्हणून माझं येईल. मग जे लिहिलंय ते शब्दाला शब्द छापतो." तो माणूस थोडा वेळ नुसता उभा राहिला. मग बाकावर बसला, खिशातलं पेन काढलं आणि बाईबद्दलच्या चारही ओळी खोडल्या. सूतगिरणीच्या ओळी ठेवल्या, पण त्यातलाही 'पैसे खाल्ले' काढून 'हिशेब द्या' केलं. मग तळाशी नाव लिहिलं. नानाकाकांनी ते बारीक टायपात जुळवलं : मुद्रक, प्रकाशक, प्रती २०००.

दोन दिवसांनी समोरच्या उमेदवाराने आमच्याच छापखान्यातून उत्तराचं पत्रक काढलं, आकड्यांसकट. आकडे खरे होते की नाही मला माहीत नाही. पण सूतगिरणीच्या सभासदांनी दोन्ही पत्रकं शेजारी-शेजारी ठेवून वाचली, चहाच्या टपरीवर त्यावरून भांडणं झाली. मला राजकीय संवाद म्हणजे काय हे विचारलं, तर आजही आधी ती दोन पत्रकं आठवतात.

अण्णा काही फार तत्त्वाचे म्हणून अडून बसले होते असं नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम १२७-अ त्यांना पाठ होतं. निवडणुकीचं पत्रक किंवा भित्तिपत्रक छापायचं तर दर्शनी भागावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. प्रकाशकाने सही करून, दोन ओळखीच्या माणसांची साक्ष घेऊन निवेदन द्यायचं आणि छापलेल्या पत्रकाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जायची. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दर निवडणुकीला तहसील कचेरीत छापखानेवाल्यांची बैठक व्हायची आणि त्यात हे कलम वाचून दाखवलं जायचं. त्या कायद्याने मजकूर खरा की खोटा हे तपासायला कुणी बसवला नव्हता. बोलतोय कोण, एवढंच तो विचारत होता. आणि तेवढ्या एका प्रश्नाने आमच्या छापखान्याच्या बाकावर चार ओळी खोडल्या गेल्या.

आता १९ नोव्हेंबर २०२४ ची संध्याकाळ. विधानसभेचं मतदान दुसऱ्या दिवशी, २० तारखेला. जाहीर प्रचार आदल्या दिवशीच थांबलेला. शांततेचे अठ्ठेचाळीस तास चालू होते. त्या दिवशी आधी विरारच्या हॉटेलातले व्हिडिओ आले. भाजपचे विनोद तावडे पैसे वाटत होते असा बहुजन विकास आघाडीचा आरोप होता, आणि तावडे तो साफ नाकारत होते. रात्री ध्वनिफिती आल्या. निवडणुकीसाठी बिटकॉइनचे पैसे वापरल्याचं बोलणारे आवाज सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे आहेत, असं सांगून भाजपने त्या आपल्या समाजमाध्यमांवरून जाहीर केल्या. दोघांनीही तो आवाज आपला नाही असं सांगितलं. सुळे यांनी निवडणूक आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. त्या ध्वनिफिती कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवल्या असाव्यात, असं तथ्य तपासणाऱ्यांपैकी काहींनी सांगितलं.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ज्यात माझ्या दोन मावश्या, मामा, भाचरं मिळून चाळीस माणसं आहेत, दोन्ही गोष्टी वीस मिनिटांच्या अंतराने आल्या. वर दोन बाणांची खूण. म्हणजे अनेकदा पुढे ढकललेला निरोप. व्हिडिओखाली कुणीतरी चार ओळी जोडल्या होत्या, त्या बातमीत कुठेच नव्हत्या. ध्वनिफितीखाली आणखी कुणीतरी भलतंच काही जोडलं होतं. मोठ्या मावशीने मला वेगळा निरोप पाठवला, "काय गं, खरं आहे का हे? सकाळी सातला जाणारे मी मतदानाला." मी तिला काय सांगणार होते? रात्रीचे साडेदहा वाजले होते. ज्यांच्यावर आरोप होता त्यांना उत्तर द्यायला जाहीर सभा घेता येणार नव्हती. आणि ज्याने त्या जादा चार ओळी जोडल्या, त्याचं नाव त्या पडद्यावर कुठेच नव्हतं.

दोष कुणा एका पक्षाचा आहे असं मला म्हणायचं नाही. २०२४ च्या लोकसभेत महायुतीला ४८ पैकी १७ जागा मिळाल्या, तेव्हा संविधान बदलणार हा विरोधकांनी पसरवलेला 'फेक नॅरेटिव्ह' होता असं तिचे नेते म्हणाले. सत्ताधाऱ्यांच्या आयटी सेलबद्दल विरोधक तेच वर्षानुवर्षं म्हणत आले आहेत. 'फेक नॅरेटिव्ह' हा शब्द तर आता आमच्या भाजीवालीच्या तोंडी आहे. प्रत्येकाला समोरचा खोटारडा वाटतो, कारण समोरचा आपल्या माणसांशी काय बोलतो ते त्याला ऐकूच येत नाही.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. सभेत नेता बोलतो तेव्हा विरोधकाचा माणूस मागे उभा राहून टिपणं घेत असतो. दैनिकातला लेख विरोधकही वाचतो. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मात्र समविचारी माणसं गोळा केलेली असतात, दार आतून लावलेलं असतं. एकाच उमेदवाराचा एक निरोप एका जातीच्या ग्रुपवर, दुसरा दुसऱ्या जातीच्या ग्रुपवर, तिसरा शेतकऱ्यांच्या, चौथा दुकानदारांच्या. चारही एकत्र ठेवले तर एकमेकांना खोडतील. पण ते एकत्र ठेवायचे कुणी? माझ्या मावशीच्या ग्रुपवर काय येतं ते तिच्या मतदारसंघातल्या दुसऱ्या उमेदवाराला कळायचा मार्ग नाही. आरोप झाला हेच ज्याला माहीत नाही, तो उत्तर काय देणार?

याउलट एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत मनसेने एकही उमेदवार उभा केला नव्हता, तरी राज ठाकरे यांच्या सभांनी महाराष्ट्र ढवळून निघाला. 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत त्यांनी मोठ्या पडद्यावर सत्ताधाऱ्यांचीच जुनी भाषणं, त्यांच्याच जाहिराती दाखवल्या. मेळघाटातल्या हरिसालची 'डिजिटल गाव' म्हणून झालेली जाहिरात दाखवली, तो दावा खोटा आहे असं सांगितलं आणि त्या जाहिरातीत झळकलेला तरुणच सभेच्या व्यासपीठावर आणून उभा केला. मग भाजपच्या नेत्यांनीही व्हिडिओ लावूनच त्यांच्या आरोपांना जाहीर उत्तर दिलं. लोकांनी दोन्ही पाहिलं. निकालात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. भाजप-शिवसेना युतीने ४८ पैकी ४१ जागा जिंकल्या. पण मी जिंकण्या-हरण्याबद्दल बोलत नाहीये. ते सगळं साहित्य इंटरनेटवरचंच होतं. फरक एवढाच की एका माणसाने ते आपल्या नावाने, आपल्या तोंडाने, हजारो लोकांसमोर मांडलं आणि चुकलं तर पकडा असं अंगावर घेतलं. तेच व्हिडिओ निनावी ग्रुपांतून फिरले असते, तर हरिसालची चर्चा झाली असती का, याची मला शंका आहे.

जुन्या छापील जगाचे गोडवे गायला मी हे लिहीत नाही. छापखान्यात वाढलेल्या माणसाला ते जग कसं होतं हे बरोबर माहीत असतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढलं, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने घेतली नाही, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. ज्याच्या हाती छापखाना त्याच्या हाती बोलणं, हा न्याय शंभर वर्षं चालला. आणि २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तर एका नेत्याचं कौतुक करणारे लेख वेगवेगळ्या दैनिकांत शब्दाला शब्द तेच, पण वेगवेगळ्या नावांनी छापून आले. 'पेड न्यूज' हा शब्द देशभर झाला तो त्याच सुमारास. ते उघडकीला कसं आलं? कुणीतरी तीन पेपर टेबलावर शेजारी ठेवले. छापलेलं होतं म्हणून ठेवता आले.

मोबाइलने बोलण्याची मक्तेदारी मोडली, याचं मला मनापासून अप्रूप आहे. २९ ऑगस्ट २०२३ ला जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले. गाव लहान. राज्यातल्या बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. १ सप्टेंबरला तिथे पोलिसांनी लाठीमार केला. लोकांनी मोबाइलवर ते टिपलं, आणि रक्ताळलेली डोकी, पळणाऱ्या बायका रातोरात महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावच्या पारावर पोहोचल्या. दुसऱ्याच दिवशी मोठे नेते तिथे गेले, आणि गृहखातं सांभाळणाऱ्या देवेंद्र फडणवीसांना जाहीर क्षमा मागावी लागली. आरक्षणाच्या मागणीबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो. वीस वर्षांपूर्वी हे झालं असतं तर जिल्हा पानावर 'किरकोळ लाठीमार' अशी चार ओळींची बातमी आली असती. नेमक्या याच कारणाने हे माध्यम निनावी सुपारीबाजांच्या हाती सोडून द्यायला माझं मन तयार होत नाही.

सोडून दिलं की काय होतं ते राईनपाड्यात दिसलं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप आधीच मोबाइलवर फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला आली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. ते निरोप निवडणुकीचे नव्हते, हे मला कळतं. पण रस्ता तोच आहे. ओळखीच्या माणसाकडून येतो म्हणून विश्वास बसतो, आणि मुळात कुठून निघाला ते कुणालाच ठाऊक नसतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या निरोपांसाठी ती एकावर आणली. त्याने वेग कमी झाला. पण पाठवणाऱ्याचं नाव त्याने कळत नाही, आणि पैसे देऊन शंभर मुलं बसवली तर वेगही फारसा कमी होत नाही.

मग करायचं काय? इथे पहिलं सुचतं ते सरकारी उत्तर, आणि त्याची मला जास्त भीती वाटते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल केला. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा, हे केंद्र सरकारनेच नेमलेलं पथक ठरवणार होतं. म्हणजे फिर्यादीही तेच आणि न्यायाधीशही तेच. मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर तो बदल घटनाबाह्य ठरला. फार चांगलं झालं. आमच्या अण्णांच्या काळी तहसीलदार पत्रकातला मजकूर खरा की खोटा हे सांगायला बसले असते, तर सूतगिरणीचा हिशेब मागणारं पत्रक कधीच निघालं नसतं.

दुसरं उत्तर म्हणजे सगळ्यांनाच नाव-गाव सांगायला लावा. प्रत्येक निरोपाचा उगम शोधता आला पाहिजे. हेही मला मान्य नाही, आणि त्याचं कारण पालघरला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल तिथल्या एका मुलीने फेसबुकवर शंका विचारली, आणि दुसरीने त्याला 'लाइक' केलं. दोघींनाही अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६-अ, ज्याखाली अशा अटका व्हायच्या, ते रद्द केलं, त्यामागे हे प्रकरण होतं. त्या दोघी आपल्या खऱ्या नावाने बोलल्या होत्या. तेच त्यांना भोवलं. गावातल्या शिक्षिकेने झेडपीच्या कारभाराबद्दल काही लिहिलं, शेतमजुराने सरपंचाबद्दल काही लिहिलं, तर त्यांना नाव झाकायचा हक्क हवाच. दुबळ्याचा तो एकमेव आडोसा आहे. एका बदमाशाला शोधायला सगळ्या गावाची पत्रं फोडायची, याला न्याय म्हणत नाहीत.

म्हणून मी ओढते ती रेघ माणसामाणसांत नाही, पैशाच्या जागी आहे. साध्या नागरिकाने नाव द्यावं की न द्यावं, त्याची मर्जी. पण उमेदवार, पक्ष, किंवा त्यांच्याकडून पैसे घेऊन काम करणारा जो कुणी असेल, मग ती वॉर रूम असो, रील बनवणारी मुलं असोत, की 'बातमी'च्या नावाचं पान चालवणारा, त्याने तयार केलेल्या प्रत्येक चित्रावर, व्हिडिओवर, ध्वनिफितीच्या सुरुवातीला नाव हवं. बनवणाऱ्याचं आणि पैसे देणाऱ्याचं, दोघांचंही. आणि पत्रकाची प्रत जशी जिल्हाधिकाऱ्यांकडे जायची, तशी याचीही एक प्रत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे जावी आणि त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता यावी. म्हणजे चार ग्रुपांवरचे चार निरोप निदान एका टेबलावर शेजारी ठेवता येतील. कलम १२७-अ 'छापील' या शब्दापाशी अडलंय, ते तिथून पुढे न्यायचं आहे. नवा कायदा शोधायची गरज नाही.

याचे तुकडे आत्ताही आहेत. निवडणूक आयोगाने २०१३ मध्येच उमेदवारांना समाजमाध्यमांवरच्या खात्यांची माहिती प्रतिज्ञापत्रात द्यायला सांगितलं. प्रचारासाठी बसवलेल्या मुलांचे पगारसुद्धा खर्चात धरायला सांगितले. फेसबुकवरच्या राजकीय जाहिरातीवर २०१९ पासून कुणी पैसे दिले ते लिहिलेलं असतं, पण तिथे कित्येकदा असं नाव असतं की त्याच्या मागे जाऊन कुठेच पोहोचता येत नाही. आयोगाने कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या प्रचारसाहित्यावर किमान दहा टक्के जागेत तसं लिहा आणि बनवणाऱ्याचं नाव द्या, असंही ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं. दिशा बरोबर आहे. पण सूचना आणि कायदा यांत फरक असतो. सूचना मोडल्याबद्दल माझ्या माहितीतल्या कुणाला सहा महिने आत बसावं लागलेलं नाही. शिवाय विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्चमर्यादा आहे, पक्षाला कसलीच नाही. तेव्हा हिशेबात न बसणारं सगळं पक्षाच्या नावावर ढकललं जातं.

लोक विचारतील, ज्याला खोटं पसरवायचंय तो नाव टाकणारच कशाला? बरोबर आहे. निनावी पत्रकं तेव्हाही निघायची. दुसऱ्या जिल्ह्यात छापून आणायचे आणि मतदानाच्या आदल्या रात्री दाराखालून सारायचे. सकाळी आजी ते उचलायची, उलटं-सुलटं करायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "खाली नाव कुणाचं आहे?" नाव नसलं की ते चुलीत जायचं. तिला कलम १२७-अ माहीत नव्हतं. पण वर्षानुवर्षं नावाची पत्रकं पाहून तिच्या डोळ्यांना सवय झाली होती. कायद्याने गुन्हेगार किती पकडले हा एक भाग. वाचणाऱ्याची नजर त्याने घडवली, हा मला त्याहून मोठा वाटतो. माझ्या मावशीला दोन बाणांची खूण म्हणजे काय ते मी गेल्या वर्षी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे खूप लोकांना पटलंय, असंच ना?" तिची चूक नाही. नाव शोधायची सवय लागेल असं तिच्या पडद्यावर काही कधी आलंच नाही.

अण्णा आता ब्याऐंशीचे आहेत. ट्रेडल भंगारात गेलं. भाऊ डिजिटल प्रिंटिंग आणि फ्लेक्सचं दुकान चालवतो. निवडणूक जाहीर झाली की तहसील कचेरीचं पत्र अजून येतं : सर्व मुद्रणालय चालकांनी अमुक दिवशी बैठकीस हजर राहावे. गेल्या वेळीही भाऊ जाऊन आला. फ्लेक्सच्या कोपऱ्यात नाव, पत्ता, प्रतींची संख्या छापायची, असं त्याला पुन्हा बजावून सांगितलं. आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, भाड्याच्या खोलीत, सहा मुलं दोन महिने रात्रंदिवस एका उमेदवारासाठी रील आणि निरोप तयार करत होती. त्यांना बैठकीचं पत्र आलं नव्हतं.